आतला शेक देणाऱ्या देवरे मॅडम

देवरे मॅडमनी फेकलेला पहिला ट्रे माझ्या कोपराला लागला. स्टीलचा होता, जड, आणि त्यात रक्तानं भिजलेला गॉज होता. चूक माझी नव्हतीच मुळी, नवीन आलेल्या डॉक्टरची होती. पण तो खाली वाकला आणि मी मठ्ठासारखी उभी राहिले. मॅडम माझ्यावरच खेकसल्या, "तू कशाला मधे कडमडलीस? जा, बर्फ लाव." झाली ओळख. पुढची सगळी नोकरी मी त्यांच्या हाताखाली मशीनवर टेक्निशियन म्हणून काढली आणि वेळेवर वाकायला शिकले.

आमच्याकडे येणाऱ्या बायकांना रेडिएशन म्हटलं की कळत नाही, शेक म्हटलं की कळतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असला की आधी पाच आठवडे बाहेरून शेक. बाई मशीनखाली झोपते, काही दिसत नाही, काही दुखत नाही, घरी जाते. मग आतला शेक. तो कसा असतो ते मी सरळच सांगते, कारण लोक इथं आले की कुजबुजायला लागतात. बाईच्या कमरेखालचा भाग बधिर करायचा, पाय वर बांधायचे, आणि टायटॅनियमची वाकडी पोकळ दांडी गर्भाशयात घालायची. तिच्या दोन्ही बाजूंना दोन गोल तोंडांच्या नळ्या बसवायच्या. हे सगळं हलू नये म्हणून गॉज ठासून भरायचा. तसंच तिला एमआरआयला न्यायचं. फोटोत गाठ कुठं आहे, पुढं लघवीची पिशवी कुठं, मागं आतडं कुठं, ते बघून डॉक्टरनं एकेका चित्रावर रेषा काढायच्या. मग त्या रेषांच्या हिशेबानं किरणांचा बारीक दाणा मशीनमधून वायरीच्या टोकाला बसून त्या दांडीत जातो, ठरल्या जागी थांबतो आणि परत येतो. शेक काही मिनिटांचाच असतो. पण तिथवर पोचायला बाई कित्येक तास ती दांडी आत घेऊन पडलेली असते. कूस बदलायची नाही. खोकला आला तरी दाबायचा. आणि हे एकदा नाही, आठवड्याच्या अंतरानं चार वेळा.

पूर्वी दोन एक्स-रे काढून अंदाजानं शेक द्यायचे. त्या काळाची आठवण कुणी काढली की मॅडमचं डोकं सटकायचं. "अंदाजानं बायका जाळल्यात आपण!" असं त्या ओरडायच्या. रेषा त्या स्वतः काढायच्या. ज्युनिअरनं काढलेली रेष जरा सैल दिसली की त्याच्या हातातला माऊस हिसकावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ही रेष एवढीशी सरकली ना, तर ही बाई जन्मभर लघवीतून रक्त टाकेल. तुझ्या आईची काढशील का अशी?"

बाई दिसायला कशी म्हणाल, तर बुटकी, रुंद, मनगटं पैलवानाची. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. माहेर देवळ्याकडचं, कांद्याचं शेत असलेलं घर. जेवायला बसल्या की टेबलावर कांदा ठेवायच्या आणि त्याच्यावर अशी बुक्की हाणायच्या की बाहेर बसलेले पेशंट दचकायचे. एमडी झालेली बाई, पण राग आला की अहिराणीत जायच्या. "काय करी ऱ्हायना रे?" असा आवाज कॉरिडॉरमध्ये घुमला की वॉर्डबॉयसुद्धा बाथरूममध्ये लपायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला एवढा राग का येतो?" तर माझ्याकडे खरंच नवल करून बघितलं. "मला कुठं राग येतो? मी बोलते अशीच."

त्यांच्या दोन पद्धती सगळ्या हॉस्पिटलात कुप्रसिद्ध होत्या. पहिली ज्युनिअर डॉक्टरांसाठी. एक गोरागोमटा मुलगा पुण्याहून शिकून आला होता. पहिल्याच दिवशी टेबलावरची बाई कण्हायला लागली, तर हा म्हणाला, "मावशी, जरा सहन करा ना. थोडंच आहे."  केस संपल्यावर मॅडमनी दार लावून घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "चढ वर." तो हसला. "चढ म्हणते ना!" कपड्यांनिशी त्याला झोपवला, पाय वर करून पट्ट्यांत बांधले, आणि सिस्टर, आया, मी, सफाईवाला, सगळ्यांना सांगितलं, बघा याच्याकडे. स्वतः खुर्चीवर बसून पेपर वाचत बसल्या. बिचारा आधी लाजला, मग चिडला, मग रडकुंडीला आला. मांड्या थरथरायला लागल्या त्याच्या. "मॅडम, सोडा ना." पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "काका, जरा सहन करा ना. थोडंच आहे." त्यानंतर कुठलाही नवीन डॉक्टर त्या टेबलावर आधी स्वतः झोपल्याशिवाय पेशंटला हात लावत नसे. आणि खरं सांगते, त्या मुलाइतका हलका हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

दुसरी पद्धत नवऱ्यांसाठी होती. एक जुनी, बाद झालेली दांडी त्यांनी धुऊन-उकळून कपाटात ठेवली होती. बायको आत गेली की मॅडम बाहेर यायच्या आणि ती नवऱ्याच्या हातात द्यायच्या. "हे तिच्या आत घालतोय. ती बाहेर येईपर्यंत हातात धरून बसायचं. खाली ठेवायचं नाही." बस. लेक्चर नाही काही नाही. काही जण ती दांडी बघून घामाघूम व्हायचे. मालेगावचा एक यंत्रमाग चालवणारा माणूस होता, तो दांडी छातीशी धरून इतका रडला की त्याला पाणी मारावं लागलं. पुढच्या वेळी त्यानं आपणहून हात पुढं केला. घरी गेल्यावर बायकोला अंगात करंट आहे म्हणून वेगळं झोपवायचे, तिचं ताट वेगळं करायचे, ते प्रकार या दांडीनं बरेच कमी झाले. शेक संपला की अंगात काहीही उरत नाही, हे तोंडानं सांगून कुणाला पटत नसे. दांडी हातात धरून बसलेला माणूस मात्र गुमान ऐकून घ्यायचा.

आणि याच दांडीनं घात केला.

दिंडोरीकडची शोभा म्हणून बाई होती. चाळिशीची, काळीसावळी, तोंडातून शब्द काढेल तर शपथ. द्राक्षांची मोठी बाग, नवा बंगला, दारात गाडी. म्हणजे खायची ददात नव्हती. नवरा रामनाथ, गळ्यात चेन, पांढरे कपडे. वर्षभर बाईला रक्त जात होतं आणि हा म्हणायचा, नाटकं करते, कामाचा कंटाळा. दुखणं वाढून चालता येईना तेव्हा आणली. बाहेरचा शेक झाला, आतल्या शेकाची पहिली सिटिंग झाली. दुसऱ्या सिटिंगला तिचे पाय वर बांधले आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच बघितलं. ओटीपोटाच्या बाजूला आणि मांडीवर हिरवे-काळे वळ. एका ठिकाणी तर बुटाच्या टाचेचा आकार स्पष्ट उमटला होता. आधीच शेकानं पोळलेली कातडी, तिच्यावर.

"काय हे?" मॅडमनी विचारलं.

शोभा छताकडे बघत म्हणाली, "तुमी म्हनला व्हता ना, शेक चालूय तवर नवऱ्याजवळ जायचं नाय. म्या नाय म्हनलं."

 मला वाटलं आता ट्रे उडणार. नाही उडाला. त्यांनी दांडी घातली, नळ्या बसवल्या, गॉज भरला. हात जराही हलला नाही. एमआरआयला पाठवून दिलं. मग हातमोजे काढले, कपाटातली ती जुनी दांडी घेतली आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग, कारण मला लक्षण ठीक दिसेना.

रामनाथ बाकावर मोबाईल बघत बसला होता. पहिल्या सिटिंगला हा बाहेरगावी होता, भाऊ आला होता, म्हणून दांडी त्याला नवीन. मॅडमनी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यानं दांडी बोटांच्या चिमटीत धरली, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बाईच्या घाणीतली वस्तू मी हातात धरू? मला काय समजता तुमी?" आणि दिली भिरकावून. भिंतीवर आपटून ती टणटणत लांब गेली.

मॅडमनी पायातली ऑपरेशन थिएटरची सपात काढली आणि त्याच्या थोबाडात हाणली. एकदा नाही हो. हाणतच सुटल्या. गालावर, नाकावर, डोक्यात. "बुटानं मारतो? लाथ घालतो पोटात? कोन शे तू? कोन शे?" त्याच्या नाकातून रक्त आलं, पांढऱ्या शर्टावर सांडलं. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. सिक्युरिटीवाल्यानं आणि मी मिळून त्यांना मागं ओढलं. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. वाटलं, अजून दोन बसायला पाहिजे होत्या.

रामनाथनं हात उचलला नाही. रुमालानं नाक पुसलं आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. संध्याकाळी शोभाचा शेक झाला, दांडी काढली, आणि तो तिला घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात शोभा आली नाही.

मी फोन केला. रामनाथनंच उचलला. "चार लोकांत बाईनं माझ्या तोंडात चप्पल हाणली. आता नाय आणत. मरू द्या." आणि फोन बंद. मी जाऊन मॅडमना सांगितलं. त्या जेवत होत्या. कांदा तसाच टेबलावर राहिला.

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "वैशाली, अर्धा शेक म्हणजे काहीच नाही गं. गाठ आता मऊ पडलीय, आत्ताच मारली पाहिजे. थांबलो तर दुप्पट जोमानं उठेल, आणि त्या जागेवर पुन्हा शेक देता येत नाही. ही एकच संधी आहे तिला." ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मी मारलं त्याला, आणि मरणार ती."

मी म्हटलं, पोलिसात जाऊ. तर अंगावर आल्या. "पोलीस दांडी घालणार आहेत का? पंचनामे होईस्तोवर गाठ थांबणार आहे? आधी तिच्या सिटिंग. बाकीचं मग."

रविवारी आम्ही दोघी त्यांच्या गाडीतून गेलो. फवारणीचे दिवस होते. बागांमधून ट्रॅक्टर घरघरत होते आणि औषधाचा वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येत होता.  रामनाथ बंगल्यामागच्या शेडमध्ये होता. सोबत भाऊ, दोन शेजारी, मजुरीच्या बायका, आणि कोपऱ्यात खाटेवर त्याची म्हातारी आई. शोभा शेडच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ती तिथंच झोपत होती, कारण घरात करंट नको. तिची गोधडी आणि वेगळा तांब्या मी डोळ्यांनी पाहिला.

मॅडम सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी चुकले. तुझ्यावर हात टाकायला नको होता. तिला पाठव."

रामनाथ हसला. "माफी नको मला. चार लोकांत खाल्ली, चार लोकांत परत करनार. मंग न्या तिला."

म्हातारी ओरडली, "आरं बाईमानूस हाय ती! डागदर हाय!" भाऊसुद्धा म्हणाला, "दादा, जाऊ दे ना." मजुरीच्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या.

मॅडमनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "आधी तिला गाडीत बसव," त्या म्हणाल्या, "मग मार."

मी म्हटलं, "मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला?" तर मलाच म्हणाल्या, "तू गाडीचं दार उघड." मी शोभाला हाताला धरून नेलं. ती "नको मॅडम, नको मॅडम," एवढंच म्हणत होती. तिला बसवून मी वळले तेवढ्यात त्यानं हाणली. द्राक्षाच्या मांडवाचे खांब ठोकणारा हात तो. उघड्या पंजाची, डाव्या कानावर. मॅडम क्रेटच्या थप्पीवर जाऊन आदळल्या आणि क्रेट त्यांच्या अंगावर कोसळले.

मी एक क्रेट उचलला. खरंच घातला असता त्याच्या डोक्यात. मॅडम खाली पडल्या पडल्या ओरडल्या, "ठेव तो खाली!" मग हात टेकून उठल्या. गालावर पाच बोटं उमटलेली. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं?"

त्यानं पुन्हा हात वर केला होता. पण तो तसाच राहिला. म्हातारी खाटेवरून उठून मधे येऊन उभी राहिली होती.

गाडी मी चालवली. मागच्या सीटवर शोभा तोंडात पदर कोंबून रडत होती. मॅडमच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर येत होती, ती त्या रुमालानं टिपत होत्या. मला इतका संताप आला होता की गिअर नीट पडेना. शहराच्या वेशीवरचं म्हसरूळ मागं पडल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या, जरा जास्तच मोठ्यानं. "उद्यासाठी गॉज आहे ना गं पुरेसा?"

दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून त्यांनी शोभाची तिसरी सिटिंग केली. मग चौथी. तेवढे दिवस तिला हॉस्पिटलमध्येच ठेवून घेतली. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, पडदा फाटलाय. तो काही नीट जुळला नाही. डाव्या कानानं त्यांना ऐकू येईनासं झालं. शेवटच्या सिटिंगनंतर त्यांनी शोभाला समोर बसवून सांगितलं, "आता तक्रार करायची तर कर. मी साक्षीला येते." शोभानं आधी आपली पिशवी आवरली. मग म्हणाली, "जाते घरी." आणि गेली. मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! मॅडमना आला नाही. म्हणाल्या, "जिवंत आहे ना? जिवंत माणसाला उद्या तरी अक्कल येते."

नवऱ्यांच्या हातात दांडी द्यायचं त्यांनी बंद केलं. बाकी काही बदललं नाही. उलट आवाज वाढला, कारण स्वतःचा आवाज त्यांना आता कमी ऐकू यायचा. ट्रे मात्र डावीकडे फेकला की नेम चुकायला लागला. आम्ही त्याच्यावरून त्यांना चिडवायचो, आणि त्या हसायच्याही.

शोभा तपासणीला येत राहिली. प्रत्येक वेळी फोटो स्वच्छ. प्रत्येक वेळी मॅडम आतली तपासणी झाल्यावर तिचे दंड आणि पाठ बघायच्या. कधी काही नसायचं, कधी वळ असायचा. "हे काय?" "पडले." "कुठं?" "बागेत." मॅडम ओठ आवळून पुढच्या पेशंटला बोलवायच्या. ओपीडी त्यांनी कधी कुणासाठी थांबवली नाही. मंत्री आला होता एकदा हॉस्पिटल बघायला, त्यालाही दारात उभं ठेवलं होतं.

मॅडमच्या निवृत्तीच्या आठवड्यातली गोष्ट. शोभा आली होती, सोबत रामनाथ. ओपीडी खचाखच, दार सताड उघडं, बाकांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मी रिपोर्ट द्यायला आत गेले होते. फोटो स्वच्छच होता. मॅडमनी शोभाची बाही वर केली. कोपराच्या वर ताजा निळा वळ.

"हे काय?"

शोभानं मान वर केली. "पडले नाय," ती म्हणाली.

मॅडमनी रामनाथला आत बोलावलं. तो येऊन त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिला. आता पोट सुटलेलं, चेन तीच. मॅडमनी त्याला रिपोर्ट दाखवला, म्हणाल्या, "गाठीचा मागमूस नाही. बरी झाली तुझी बायको." तो कागदाकडे बघत राहिला. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं. "चुकलं मॅडम," असं म्हणाला होता. मॅडम दुसरीकडे बघत होत्या, त्यांना पत्ताच नाही.

"मोठ्यानं म्हना," शोभा म्हणाली. "तो कान तुमीच फोडलाय."

बाहेरच्या बायकांची कुजबुज बंद झाली. मॅडमनी मान वळवली. "काय म्हणतोय हा?"

रामनाथचं तोंड लाल झालं. दाराकडे बघितलं, सगळ्या बायका त्याच्याकडेच बघत होत्या. शेवटी मोठ्यानं म्हणाला, "चुकलं माझं. तुमच्यावर हात उचलायला नको व्हता."

"माझं काय घेऊन बसलास?" मॅडम म्हणाल्या. "आधी मी मारलं, मग तू मारलं. फिटलं आपलं. हिनं तुला कधी मारलं होतं?"

तो हातातल्या रिपोर्टची घडी घालायला लागला.

"तिला सांग."

रामनाथ खाली बघत उभा राहिला. शोभा त्याच्यासमोर उभी होती, बाही तशीच वर केलेली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. शिपाई पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला आला, त्याला हातानंच थांबवलं. बाहेर कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "सांग की रे बाबा." मग आणखी एक म्हणाली, "सांग ना भाऊ. आमी बसलोय."

तेवढ्यात मला मशीनवरून बोलावणं आलं. टेबलावर बाई तयार होती, दांडी आत होती, तिला ताटकळत ठेवणं शक्य नव्हतं. मी निघाले. दारातून वळून बघितलं तर मॅडम तशाच बसल्या होत्या, चांगला कान त्याच्याकडे करून.